नवख्या माणसाचे खमीर

नेसहाइम, ९ मार्च

प्रिय गुन्व्होर,

(‘प्रिय’ हे विशेषण येथे केवळ पत्रशिष्टाचारार्थ योजिले आहे. त्यातून कोणताही हक्क, दावा अथवा अपेक्षा उत्पन्न होत नाही. ग्रामपालिकेच्या सचिवपदावर केस पिकवलेल्या माणसाला एवढी सावधगिरी शोभते.)

तुझे कार्ड पोचले. पुढे बर्गनच्या मासळीबाजाराचे चित्र, मागे चार ओळी. तू गेल्या शरदात दोन बॅगा आणि शिवणयंत्र घेऊन गेलीस, त्यानंतरचा हा तुझा पहिलाच शब्द. म्हणून तो मी येथे जसाच्या तसा उतरवून घेतो, कारण यापुढील समस्त पत्रव्यवहाराचे अधिष्ठान तोच आहे :

“एका नवख्या माणसाला घरी बिअर करायची आहे. फ्लॅट लहान, चूल विजेची. सुरुवातीला काय काय घ्यावं? तुला यातलं कळतं म्हणून विचारते. फोन करू नकोस. फोनवर तू बोलतोस आणि मी ऐकते. पत्र निदान मिटून ठेवता येतं.”

नवखा माणूस. तू मोटार चालवायला शिकवतेस आणि नवखी माणसे दिवसभर तुझ्या शेजारी बसून गिअर खरवडत असतात, हे मला विदित आहे. परंतु शिकाऊ चालकाच्या स्वयंपाकघरातील चूल विजेची आहे की गॅसची, हे त्याच्या शिक्षिकेस ठाऊक असण्याचे प्रयोजन काय? यावरून तर्कशास्त्र एकाच निष्कर्षाप्रत पोचते. हा नवखा माणूस म्हणजे तुझ्या खालच्या मजल्यावरील डॅनिश दंतवैद्य श्रीयुत प्रेबेन होत. त्यांनी नाताळच्या सुमारास तुझा सोफा एकहाती जिन्यावरून चढवला, हे वृत्त तुझ्या बहिणीने मला, मी पृच्छा केलेली नसताना, दोनदा कळवले आहे. दुसऱ्या वेळी तिने त्यांच्या दंडांचाही उल्लेख केला.

मला मत्सर वाटत नाही. मत्सर ही अर्धवट शिजलेल्या मनांची व्याधी आहे. मी केवळ नोंद घेतो.

आता उपकरणे. सर्वप्रथम ज्यात बिअर आंबते ते पात्र. या बाबतीत माझी निःसंदिग्ध शिफारस काचेच्या मोठ्या कुप्प्याची आहे. पंचवीस लिटरांचा, अरुंद गळ्याचा. काच पारदर्शक असते, निष्कलंक असते, सुसंस्कृत असते. दंतव्यवसायातील व्यक्तीस ती विशेष रुचेल. भरल्यावर हा कुप्पा नुकत्या जन्मलेल्या वासराएवढा जड होतो आणि ओल्या हातांतून वासरापेक्षाही चपळाईने निसटतो, असे काही लोक म्हणतात. परंतु ज्या बाहूंनी सोफा वाहिला, त्यांना त्याचे काय होय? कुप्पा वाहताना पायांत सपाता असाव्यात, पातळ.

इतर बाबी यथावकाश.

तुझा (ही षष्ठी निव्वळ सवयीची),
ओस्मुंड


नेसहाइम, १० मार्च

गुन्व्होर,

कालचे पत्र रद्द समजावे.

आज सकाळी दाढी करताना ध्यानी आले, की श्रीयुत प्रेबेन सकाळपासून संध्याकाळपर्यंत परक्यांच्या तोंडांत हात घालून उभे असणार. त्या अवधीत कुप्पा न्हाणीघरातून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून न्हाणीघरात कोण हलवणार? मी तुला ओळखतो. चार माणसे मदतीला येत असताना तू लाकडी कपाट एकटीने ढकलत नेलेस आणि नंतर आठवडाभर कंबर धरून, ‘मला काही झालेलं नाही’ असे सर्वांना सांगत हिंडलीस. काचेचा कुप्पा फुटला तर त्याच्या कडा सुरीसारख्या असतात. तेव्हा काच सर्वथा वर्ज्य.

साधी प्लॅस्टिकची बादली घ्यावी. खाद्यपदार्थांसाठीची, तीस लिटरांची, घट्ट झाकणाची, तळाशी तोटी असलेली. फेस वर चढतो, त्यामुळे बादली बिअरपेक्षा मोठी हवीच. झाकणाला एक भोक असते. त्यात पाण्याची छोटी वळणदार नळी खोचायची, म्हणजे आतला वायू बुडबुडत बाहेर येतो आणि बाहेरची चिलटे आत जात नाहीत. बादली आतून तारेच्या घासणीने कदापि घासू नये. एक ओरखडा पडला की त्यात जंतूंचे गाव वसते आणि पुढची प्रत्येक बिअर आंबट होते. मऊ कापड, गरम पाणी, दुकानात मिळते ते निर्जंतुक करण्याचे द्रावण. अर्धा खर्च भांड्यांवर आणि अर्धा जन्म ती धुण्यात, असे हे शास्त्र आहे.

बटणे, पडदे आणि दिवे असलेले चकचकीत विजेचे यंत्र दुकानदार गळ्यात मारू पाहील. घेऊ नये. नवख्या माणसाने एकदम वीस लिटर करायलाही जाऊ नये. दहा पुरेत. बिघडली तर दहाच ओतून द्यावी लागते.

हा सल्ला प्रामाणिक आहे. कालचाही होता, फक्त त्याची दिशा निराळी होती.

ओस्मुंड


नेसहाइम, ६ एप्रिल

प्रिय गुन्व्होर,

“बादली मिळाली. प्रेबेनने वर आणून दिली. आता उकळायचं कशात?”

या तीन वाक्यांपैकी मधले वाक्य अनावश्यक होते. रिकामी बादली! तीत हवेखेरीज काही नसते. तिला वाहून नेण्यास दंतवैद्य कशाला हवा, वाऱ्याने आली असती. तथापि प्रश्न तिसऱ्या वाक्यात आहे आणि मी प्रश्नाचे उत्तर देणारा माणूस आहे.

उकळण्यासाठी जाड बुडाचे स्टीलचे पातेले घ्यावे. विजेच्या चुलीला मोठ्या पातेल्यास उकळी आणवत नाही. ती नुसती सुस्कारे टाकत बसते. म्हणून पुन्हा दहा लिटर. भरडलेले माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, सैलसर कापडी पिशवीत घालून गरम पाण्यात तासभर मुरू द्यायचे, मग पिशवी उचलून निथळायची. चाळणीवाले दुसरे भांडे लागत नाही. आपल्याकडे तांब्याचा हंडा आणि तळाला गाळणी म्हणून जुनिपर झुडपाच्या फांद्या असतात म्हणून सगळ्यांकडे असाव्यात, असा माझा आग्रह नाही. एक लांब दांड्याचा डाव. एक तापमापी. एक घनतामापी, म्हणजे काचेची ती तरंगती कांडी, जी गोड रसात वर तरंगते आणि साखर संपून बिअर झाली की खाली बुडते. नवख्यांना ती फार आवडते, कारण ती काहीतरी आकडा सांगते. काढून घेण्यासाठी रबरी नळी. बाटल्या जाड काचेच्या आणि पत्र्याच्या बुचांच्या, फिरकीच्या बुचांच्या नव्हेत. बुचे ठोकायला दोन दांड्यांचे यंत्र मिळते. त्याला दोन हात पुरतात. दोनच. कोणाचेही असोत.

सहकारी दुकानात आर्नफिन भेटला. तुझ्या जाण्याने या खोऱ्यात ज्याला सर्वाधिक करमणूक लाभली तो आपला कुंपणापलीकडचा शेजारी आणि माझा शाळासोबती अजून तसाच आहे. मेंढ्यांशी तो सभ्यपणे बोलतो आणि माणसांशी मेंढ्यांसारखा.

“काय सचिव, गुन्व्होरनं म्हणे तिकडं बिअरचा कारखाना काढला?”

“तिने नव्हे. तिच्या परिचयातील एका गृहस्थांनी.”

“कोण, तो दात उपटणारा?”

“दंतवैद्य.”

“डॅनिश ना रे? ते बोलायला लागले की वाटतं तोंडात उकडलेला बटाटा अडकलाय. गिऱ्हाइकाला कळतच नसेल, दुखतंय का विचारतोय की जेवायला बोलावतोय.”

“आर्नफिन, या विषयात मी तटस्थ आहे.”

“दिसतंय ना. तटस्थ माणूस काकडीची बरणी एवढी आवळून धरत नाही. ठेव ती खाली, फुटेल.”

मी बरणी ठेवली. मग तो थोडा मऊ झाला, म्हणजे त्याच्या मापाने. “येणार आहे का रे ती परत?” मी त्याला सांगितले, की घटस्फोटापूर्वी विभक्त राहण्याचे कायदेशीर वर्ष ऑक्टोबरात पूर्ण होते, तोवर प्रकरण विचाराधीन आहे. तो म्हणाला, “मी प्रकरणाचं नाही विचारलं, तुझं विचारलं.”

त्याचे उत्तर तुला देतो : माझ्या बाजूने प्रकरण अद्याप मिटलेले नाही, आणि ते तुझ्या येण्याने मिटावे अशी एका संबंधित पक्षाची इच्छा आहे. तुझी कॉफीची किटली मी हलवलेली नाही. जाताना तू म्हणालीस, ‘ओस्मुंड, तुझं एक वाक्य संपेपर्यंत माझी कॉफी गार होते.’ हल्ली मी वाक्ये आखूड करण्याचा सराव करतो आहे. प्रस्तुत पत्र त्याचा पुरावा म्हणून ग्राह्य धरू नये.

ओस्मुंड


नेसहाइम, १९ मे

गुन्व्होर,

सतरा मेच्या, राष्ट्रदिनाच्या मिरवणुकीत मी एकटाच पारंपरिक पोशाखात चाललो. जाकिटाची चांदीची बटणे चुकीच्या काजांत गेली होती, हे मला चर्चपर्यंत कोणी सांगितले नाही. सगळ्यांनी मला ‘गुन्व्होर कशी आहे’ असे विचारले. बटणांविषयी कोणी नाही.

घरी आलो तर तुझे कार्ड : “सगळं जमलं. खमीर राहिलंच. दुकानातलं पाकीट नको. नेसहाइमचं थोडं देशील का?”

देशील का.

तू या खोऱ्यातली आहेस, तेव्हा हे तीन अक्षरी क्रियापद तू अनवधानाने लिहिलेस असे मी मानू शकत नाही. आपल्याकडे घरचा माणूस खमीर मागत नाही. तो तळघरात उतरतो, बरणी उचलतो, चालू लागतो. मागतो तो शेजारी. आणि शेजाऱ्याने मागितले की कोणत्याही घराला नाही म्हणता येत नाही. माझे आजोबा आणि आर्नफिनचे आजोबा हद्दीच्या दगडावरून भांडले आणि मरेपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत. तरी ज्या वर्षी त्यांचे खमीर नासले, त्या वर्षी आजोबांनी टोपी न काढता कुंपणावर बरणी ठेवली, पलीकडून एक हात आला, बरणी गेली. शब्द नाही. पण बरणी काठोकाठ भरलेली होती.

गेल्या शरदात तू गेलीस तेव्हा नुसती गेली होतीस. माणसे जातात, येतात, बोटी दोन्ही बाजूंनी चालतात. आज मात्र तू एका क्रियापदाने घराबाहेर पडलीस.

मी आर्नफिनचे मत घेतले. कोणाचे तरी घ्यावे लागते.

“मागितलं म्हणजे मागितलं,” तो म्हणाला. “आता ती शेजारीण.”

“बर्गन शेजारी केव्हापासून झाले? बोटीने निम्मा दिवस जातो.”

“शेजार काय मैलांवर असतो होय? मागण्यावर असतो. देणार ना?”

“देणार.”

“त्या दातवाल्याच्या बादलीसाठी?”

“खमीर कोणाच्या पात्रात जाते हे देणाऱ्याने विचारायचे नसते.”

“नियम अगदी पाठ आहेत बघ तुझे. तोंड मात्र असं झालंय, की पहिला दात तुझाच काढलाय त्यानं.”

तेव्हा रीतीप्रमाणे सोबत बरणी. बोटीच्या कप्तानाकडे दिली आहे, धक्क्यावरून घ्यावी. माझ्याजवळ होते त्यातले बरोबर अर्धे आहे. नेसहाइमच्या या घरात माझ्या पणजोबांपासून चालत आलेला हा जीव मी आजवर परक्याच्या हाती दिलेला नाही. आज अशा एका माणसाच्या स्वयंपाकघरात पाठवतो आहे, ज्याचे दंड दोन गावांत प्रसिद्ध आहेत. त्या खमिराला नवीन घर आवडले तर मला कळवू नये.

कृती : बरणीतले वरचे पाणी ओतून द्यावे, तळाचा घट्ट गाळ घ्यावा. दोन मोठे चमचे दहा लिटरांना विपुल. ओतताच आरोळी ठोकावी. पोटातून, उभ्याने, लाज न बाळगता. हे खमीर मुक्या घरात काम करत नाही. जेवढी आरोळी मोठी तेवढी बिअर जोमाची, हे तुला सांगायला नकोच. श्रीयुत प्रेबेन यांस फ्लॅटमध्ये ओरडण्याचा संकोच वाटत असल्यास त्यांनी आपल्या एखाद्या रुग्णाचे अनुकरण करावे.

बाकी त्यांच्या पुस्तकात असेलच.

ओस्मुंड


नेसहाइम, १२ जून

प्रिय गुन्व्होर,

तुझे पत्र. कार्ड नव्हे, पत्र, पाकिटात घातलेले. मी ते ओट्यापाशी उभ्यानेच वाचले आणि मग बसलो.

“ओस्मुंड,

प्रेबेनला बिअर आवडत नाही. तो चहा पितो, आणि त्याची बायको त्याला आमच्या मजल्यावर सोफे चढवायला पाठवते कारण तो घरात बसला की तिला दातांच्या गोष्टी सांगतो. तुमचं छान जमेल.

नवखा माणूस मी आहे. मी ‘माणूस’ लिहिलं, तू पुरुष वाचलास.

खमीर किती गरम रसात घालायचं ते तू लिहिलं नाहीस. विसरलास असं मी धरून चालते. पुस्तकात लिहिलंय, विसाच्या खाली उतरू द्या. तसं केलं असतं तर आपलं खमीर तिथं थंडीनं आकसून झोपलं असतं आणि सगळी बादली फुकट गेली असती. मी कोपर बुडवलं. धारोष्ण लागलं तेव्हा ओतलं, जसं इतकी वर्षं तुला ‘आता’ म्हणून सांगायचे आणि तू ओतायचास. मग खिडकी उघडली आणि ओरडले. अशी ओरडले ओस्मुंड, की समोरच्या बाईंनी पोलिसांना फोन केला. दोघे आले. मी त्यांना बादली दाखवली. त्यातला एक आपल्याच बाजूचा निघाला, तो म्हणाला, ‘आणखी एकदा ओरडा, माझी आजी तीनदा ओरडायची.’ मग आम्ही दोघं ओरडलो. तिसऱ्या दिवशी सगळा जिना चाखायला आला. खमिराखेरीज काहीच उरलं नाही.

ऑक्टोबरात वर्ष होतं. कागद भरून पाठवलाय. तुझी सही असली तर बरं वाटेल. नसली तरी पुढं सरकेलच.

गुन्व्होर”

‘विसरलास असं मी धरून चालते.’ या वाक्याबद्दल मी तुझा ऋणी आहे. त्यावर अधिक भाष्य करणे कोणत्याही पक्षाच्या हिताचे नाही.

‘माणूस’ या शब्दाविषयी : मी शासकीय मसुद्यांत आयुष्यभर स्वल्पविरामांसाठी भांडलो. आपल्या पालिकेच्या पाणीपुरवठ्याच्या नियमात ‘व’ आणि ‘वा’ यांतील भेदावरून मी एक बैठक उधळून लावली होती, तुला स्मरत असेल. तरी एका सरळ शब्दात मला एक डॅनिश मनुष्य दिसला, त्याचे दंड दिसले, आणि त्याच्या हातची बादली दिसली. तू दिसली नाहीस. याला व्याकरणात काही संज्ञा असेल.

तर प्रेबेन निर्दोष. मी त्यांची मनोमन क्षमा मागून टाकली. आता मला वाटले, बरे वाटेल. वाटले नाही. निदान त्यांना एक चेहरा तरी होता. आता मला जिन्यातल्या सगळ्यांचा हेवा वाटतो. समोरच्या बाईंचा वाटतो, ज्यांनी तुझी आरोळी ऐकली आणि त्यांना ती नकोशी झाली. केवढी उधळपट्टी! त्या पोलिसाचा सर्वांत अधिक वाटतो. कोण हा? कोणत्या गावचा? आजी तीनदा ओरडायची हे त्याला एवढ्या तत्परतेने कसे आठवले? आणि तो तुझ्या शेजारी उभा राहून, गणवेषात, कर्तव्यावर असताना ओरडला. माझ्या खमिराच्या बादलीवर.

तुझा आवाज कसा असतो गं, ओरडताना? मी इतकी वर्षे हंड्याच्या दुसऱ्या बाजूला होतो, आरोळी नेहमी मीच ठोकली, आणि मला ते ठाऊक नाही. ते बर्गन पोलीस खात्याला ठाऊक आहे.

कागद पोचला आहे. तो मी फळीवर, किटलीच्या मागे ठेवला आहे.

ओस्मुंड


नेसहाइम, २१ सप्टेंबर

गुन्व्होर,

एक दुःखद वृत्त, कमीत कमी शब्दांत. मी प्रयत्न करतो.

शरदाची बिअर करायची होती. मी तुला दिलेला सल्ला स्वतःच अमलात आणला. म्हणजे गावातल्या दुकानातून नवख्याचा सगळा संच आणला. तापमापी, घनतामापी, निर्जंतुक द्रावण, मऊ कापड. विक्रेतीने विचारले, “पहिल्यांदाच करताय का?” मी होय म्हटले. एका अर्थाने ते खोटे नव्हते.

आर्नफिन मदतीला आला, म्हणजे बसायला आला. हंडा चुलीवरून नुकता उतरवला होता, वाफ निघत होती. खमिराची बरणी माझ्या डाव्या हातात, तापमापी खिशात. रस निवेपर्यंत वेळ होता, तो मी रिकामा घालवला नाही. मी बोलू लागलो. विषय होता आमच्या घराण्यात खमिराचे संक्रमण, तांब्याच्या हंड्याचे श्रेष्ठत्व, प्लॅस्टिकच्या बादल्यांचे सामाजिक दुष्परिणाम आणि ओघाने गणवेषधारी व्यक्तींनी खाजगी सदनिकांत केलेला आरडाओरडा. भाषण चांगले रंगले होते. तिसऱ्या मुद्द्याच्या मध्यावर आर्नफिन ओरडला, “आता पुरे की रे बाबा!”

मला त्यातले ‘आता’ ऐकू आले.

गुन्व्होर, इतक्या वर्षांची सवय आहे. तू ‘आता’ म्हणतेस आणि मी ओततो. मी ओतले. सगळे. तळापर्यंत, बरणी उपडी करून. आणि आरोळीही ठोकली; उत्तम होती, डोंगरावरून परत आली.

“अरे,” आर्नफिन म्हणाला, “अजून कढत आहे ते.”

तापमापी मी नंतर बुडवली. तिने सांगितलेला आकडा अंडी उकडण्यास योग्य होता.

दुसऱ्या दिवशी फेस नाही, तिसऱ्या दिवशी नाही. वर नुसती साय धरली, गोड आणि मेलेली. आर्नफिन कुंपणाशी येऊन उभा राहिला.

“माझ्याकडचं घे.”

“तुझे निराळे आहे. त्याला संत्र्याचा वास येतो.”

“संत्र्यानं काय मरतोस काय? बरं मग नेसहाइमचंच हवं तर बर्गनला आहे की. मोप आहे तिच्याकडे. माग.”

“मागणार नाही.”

“का?”

“मागितले की ती शेजारीण होते.”

“ती झालीच आहे, ओस्मुंड. तू एकटाच राहिलायस शेजारी व्हायचा.”

मी त्याला सांगितले की मेंढ्या कुंपणाबाहेर गेल्या आहेत. गेल्या नव्हत्या.

म्हणून हे पत्र. माझा प्रस्ताव असा आहे : मी मागत नाही. मी घरचा माणूस म्हणून बोटीने येतो, तुझ्या शीतकपाटातून बरणी काढून घेतो आणि शब्दही बोलत नाही. आणि मग, बरणी दोघांचीच आहे तर ती इकडे घेऊन तूही यावेस. हंडा आहे. तूच ओरड. मी कोपऱ्यात बसून भांडी घासेन, मऊ कापडाने. कागदाची मुदत तशीच निघून जाईल, कागदांच्या मुदती जात असतात, मी सचिव आहे, मला ठाऊक आहे. तू फक्त ‘ये’ म्हण. एक अक्षर. तुला आवडतात तेवढे आखूड.

ओस्मुंड


नेसहाइम, ४ ऑक्टोबर

गुन्व्होर,

तुझे कार्ड मिळाले. ‘मागितलंस तर देईन.’

माझे खमीर मेले. तुझ्या घरचे थोडे देशील का?

कागदावर सही केली आहे. सोबत आहे.

बरणी बोटीवर कोणाच्याही हाती दे. त्या पोलिसाच्या मात्र नको.

ओस्मुंड